वर्षभराची बिले आणि एक वही : घरातल्या कार्बनचा हिशेब कसा मांडावा

पर्यावरणासाठी आपण काही केले पाहिजे असे मनापासून वाटणाऱ्या घरांत बाजारात जाताना कापडी पिशवी आठवणीने घेतली जाते, प्लॅस्टिकचे चमचे नाकारले जातात आणि रद्दी वेगळी ठेवली जाते. त्याच घरातल्या एसीमध्ये मात्र दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यावा लागतो आणि त्याकडे कोणी पर्यावरणाचा प्रश्न म्हणून पाहत नाही. कापडी पिशवी योग्यच आहे, पण हवामानाच्या दृष्टीने यांतली कोणती गोष्ट किती मोठी आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि जे डोळ्यांसमोर असते तेच मोठे वाटत राहते. म्हणून आधी मोजावे आणि मग जे सर्वांत मोठे निघेल त्याला हात घालावा. या कामासाठी कोणतेही ॲप लागत नाही. गेल्या बारा महिन्यांची बिले, एक वही आणि एक निवांत दुपार पुरते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. ज्या घराचा महिन्याचा वीजवापर शंभर युनिटच्या आत आहे, ज्यांच्याकडे गाडी नाही आणि ज्यांनी विमान फक्त आकाशात पाहिले आहे, त्यांना काटकसर शिकवण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन आहे आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. परंतु आपल्या देशाची ही सरासरी कमी राहते ती प्रामुख्याने कमी वापरणाऱ्या कोट्यवधी माणसांमुळे. एसी, गाडी आणि विमानप्रवास असलेल्या घरांनी त्या सरासरीच्या आड उभे राहू नये, असे मला वाटते.

वहीत काय लिहायचे

पहिले पान विजेचे. महावितरणच्या बिलावर चालू महिन्याच्या युनिटबरोबर मागील महिन्यांच्या वापराचा आलेखही छापलेला असतो. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर यांच्या बिलांवरही ही माहिती मिळते. रुपये पाहू नयेत, कारण दर आणि स्लॅब बदलत असतात. फक्त युनिट उतरवून घ्यावेत आणि बारा महिन्यांची बेरीज करावी. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे होणाऱ्या उत्सर्जनाचा सरासरी आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तो ०.७२ किलोच्या आसपास आहे, तेव्हा युनिटला ०.७२ ने गुणावे. हा आकडा इतका मोठा असण्याचे कारण कोळसा आहे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक केंद्र, कोराडी, खापरखेडा, परळी आणि भुसावळ येथील केंद्रे यांच्यावर राज्याच्या विजेचा मोठा भार आहे, आणि पुण्या-मुंबईतल्या खोलीत बटण दाबले जाते तेव्हा त्याची राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो.

दुसरे पान स्वयंपाकाच्या गॅसचे. पुष्कळ घरांत नवा सिलिंडर लावला की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण केली जाते, आणि ती खूण हाच उत्तम पुरावा आहे. दिनदर्शिका टाकून दिली असेल तर वितरकाकडे किंवा मोबाइलवरील नोंदणीच्या इतिहासात वर्षभराचे सिलिंडर मोजता येतात. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि एक किलो गॅस जळल्यावर सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एका सिलिंडरमागे ४२ ते ४३ किलो. पाइपने गॅस येत असेल तर बिलावरचा वापर घनमीटरमध्ये असतो, त्याला २ ने गुणावे.

तिसरे पान प्रवासाचे. पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो, डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो आणि सीएनजीच्या एका किलोमागेही साधारण तेवढेच उत्सर्जन होते. किती लिटर भरले हे आठवत नसेल, तर गाडीच्या सर्व्हिसिंगच्या दोन पावत्यांवरील किलोमीटरची वजाबाकी करावी आणि प्रत्यक्ष मिळणाऱ्या ॲव्हरेजने भागावे. कंपनीने जाहिरातीत सांगितलेले ॲव्हरेज इथे उपयोगाचे नाही. विमानप्रवास वेगळा लिहावा. मुंबई किंवा पुण्याहून दिल्लीला जाण्यात एका प्रवाशामागे केवळ इंधनाचा हिशेब सुमारे १०० किलो होतो, आणि परतीचा धरला की दुप्पट. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेली घरे आता महाराष्ट्रात गावोगावी आहेत. तिकडच्या जाण्यायेण्यात एका माणसामागे सुमारे दीड ते दोन टन होतात.

हे आकडे कसे बोलू लागतात ते एका उदाहरणाने पाहू. पुण्यातले चार माणसांचे एक घर समजू. महिन्याला सरासरी २२० युनिट, वर्षाला आठ सिलिंडर, स्कूटरला महिन्याला १० लिटर आणि गाडीला ४० लिटर पेट्रोल, आणि वर्षातून एकदा चौघांची दिल्लीची विमानवारी. विजेचे १,९०० किलो, गॅसचे ३४०, स्कूटरचे २७६, गाडीचे १,१०४ आणि विमानाचे ८००. एकूण ४,४२० किलो, म्हणजे माणशी १,१०५ किलो. हा आकडा देशाच्या २ टनांच्या शेजारी ठेवून समाधान मानू नये, कारण त्या सरासरीत कारखाने, सिमेंट, पोलाद आणि मालवाहतूक हे सगळे येते आणि आपल्या वहीत त्यातले काहीच आलेले नाही. मात्र घरातल्या घरात क्रम लावण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे. या घराने वर्षभर रोज एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी वाचवली तर कार्बनच्या हिशेबात पाचसहा किलोंचाच फरक पडेल.

याचा अर्थ पिशवी बिनमहत्त्वाची आहे असा कोणी काढू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा प्लॅस्टिकने तुंबलेल्या गटारांनी काय केले हे मुंबईने पाहिले आहे, आणि गुरांच्या पोटातून निघणाऱ्या पिशव्या आजही पाहाव्या लागतात. प्लॅस्टिकचा अपाय निचरा, जनावरे, माती आणि समुद्र यांच्याशी निगडित आहे आणि तो किलोग्रॅम कार्बनमध्ये मोजता येत नाही. म्हणून वहीत कार्बन, पाणी आणि कचरा यांची पाने वेगळी असावीत आणि एकातली बचत दुसऱ्यात जमा धरू नये.

मीटरपुढे दहा मिनिटे

वर्षाची बेरीज हातात आल्यावर वीज नेमकी कुठे जाते हे शोधावे लागते, कारण बिल घराचे असते, उपकरणांचे नसते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो याचा आकडा मीटरच्या दर्शनी भागावर छापलेला असतो आणि पुष्कळ मीटरवर तो ३,२०० असतो. असा मीटर असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत आणि १,१२५ ला त्या सेकंदांनी भागावे. उत्तर येते ते त्या क्षणी घरात चालू असलेले वॉट. छापील आकडा वेगळा असेल तर ३६,००,००० ला आधी त्या आकड्याने भागून मग पुढे जावे.

आता रात्री झोपण्यापूर्वी पंखे, दिवे सगळे बंद करावेत, फ्रिजचा प्लगही दहा मिनिटे काढून ठेवावा आणि दिवा पाहावा. काहीच चालू नसेल तर तो लुकलुकायला नको. बहुतेक घरांत तो लुकलुकतो. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, वायफाय, रिमोटवर थांबलेला एसी, इन्व्हर्टर, मायक्रोवेव्हवरचे घड्याळ अशी मंडळी तिथे जागी असतात. समजा पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकला, तर ७५ वॉट सतत जात आहेत. वर्षाचे ते ६५७ युनिट होतात, म्हणजे ४७० किलोंहून अधिक, आपल्या उदाहरणातल्या घराच्या वर्षभराच्या स्वयंपाकाच्या गॅसपेक्षा जास्त. मग एकेक प्लग काढत जावे आणि दिव्याची गती कुठे मंदावते ते पाहावे. घरातल्या मुलांना हे काम द्यावे. विज्ञानाच्या पुस्तकातला वॉट आणि युनिटचा धडा त्यांना इथे समोर घडताना दिसतो.

हीच पद्धत मिक्सर, इस्त्री, पंखा, पाण्याचा पंप अशा कोणत्याही उपकरणाला लावता येते. फ्रिज आणि एसी यांच्यासाठी मात्र ती अपुरी आहे, कारण त्यांचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. त्यांच्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ताऱ्यांच्या लेबलवरील वार्षिक युनिटचा आकडा घ्यावा. एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. आपला वापर आठशे तास असेल तर तो निम्मा करावा.

आधी मोठे काम

जुने छताचे पंखे हा दुर्लक्षित विषय आहे. साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, तर बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास तेवढाच वारा देतो. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. तीन पंखे बदलले तर ३५० किलो, म्हणजे पुन्हा तेच आठ सिलिंडर. सगळे एकदम बदलण्याची गरज नाही. जो पंखा सर्वांत जास्त तास चालतो, बहुधा झोपण्याच्या खोलीतला, तो आधी बदलावा, आणि पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्यावा.

गरम पाण्याचे गणित पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असते, गिझरच्या आकारावर तितके नाही. वीस लिटरची एक बादली बावीस अंशांवरून चाळीस अंशांपर्यंत तापवायला ०.४२ युनिट लागतो. दहा मिनिटांच्या शॉवरला ऐंशी लिटर पाणी सहज जाते, म्हणजे त्याच्या चौपट. बादली आणि तांब्याची आपली जुनी अंघोळ पाणी आणि वीज दोन्ही वाचवते, आणि तिच्यात काही मागासलेपण नाही. गच्ची मोकळी असेल तर सौर बंब बसवावा. पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर आपल्याकडे तो चांगला चालतो.

एसीचे दोन भाग आहेत. विजेचा भाग बहुतेकांना माहीत असतो. ताऱ्यांचे लेबल असलेल्या खोलीच्या एसींना जानेवारी २०२० पासून २४ अंशांची मूळ मांडणी, म्हणजे यंत्रात आधीच लावून दिलेले तापमान, सक्तीची झाली आहे, आणि तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. सोबत मंद पंखा लावला तर सव्वीस अंशही सुखाचे वाटतात.

दुसरा भाग गॅसचा आहे आणि तो बिलावर कधीच येत नाही. एसीतला शीतक वायू हवेत सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता अडकवतो. आर-४१०ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे २,०९० पट आणि नव्या यंत्रांतला आर-३२ सुमारे ६७५ पट प्रभावी आहे. दीड टन क्षमतेच्या एसीमध्ये (इथला टन थंड करण्याच्या क्षमतेचा, वजनाचा नव्हे) साधारण एक किलो वायू असतो. म्हणजे आर-४१०ए वापरणाऱ्या एका एसीचा सगळा वायू गळून गेला तर दोन टनांहून अधिक उत्सर्जन झाले, सुमारे २,९०० युनिट विजेइतके, आणि आपल्या उदाहरणातल्या घराचा वर्षभराचा वीजवापर याहून कमी आहे. एसीतला वायू पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंदिस्त नळ्यांत फिरतो आणि कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

म्हणून मेकॅनिक ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ म्हणाला की आधी गळती शोधायला सांगावे. नायट्रोजनच्या दाबावर नळ्या तपासाव्यात, जोड नीट करावेत, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढावी आणि मग वजनकाट्यावर मोजून वायू भरावा. घर बदलताना एसी काढायचा असेल तर वायू आधी एसीच्या बाहेरच्या यंत्रात उतरवून घेता येतो. तो हवेत सोडून देणे ही सर्रास चालणारी आणि सर्वस्वी टाळता येण्याजोगी हानी आहे. पैसे देणाऱ्याने आग्रह धरला तर मेकॅनिक हे काम नीट करतो, आणि पुढच्या उन्हाळ्यातला भरण्याचा खर्चही वाचतो.

स्वयंपाकाबाबत एक सावधगिरी. गॅस सोडून इंडक्शनवर जाणे म्हणजे पर्यावरणपूरक होणे, असे सरसकट समजले जाते. वीज कोळशाची आहे तोवर कार्बनच्या हिशेबात गॅसची शेगडीच सरस ठरते, आणि छतावर स्वतःची सौर वीज असेल तर चित्र उलटते. डाळ-कडधान्ये भिजवणे, कुकर लावणे, पातेल्यावर झाकण ठेवणे आणि पहिली शिटी झाली की आच मंद करणे यांनी गॅस खरोखर वाचतो, आणि हे सांगायला आपल्याकडच्या आजींना कोणत्याही आकडेवारीची गरज पडली नव्हती.

जाणेयेणे

लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीत एकट्याने पुणे ते मुंबई हे दीडशे किलोमीटरचे अंतर कापले तर २३ किलो उत्सर्जन होते. चौघे बसले तर माणशी सहा किलोंपेक्षा कमी. एसटीची बस लिटरला साडेचार किलोमीटर धावते आणि तिच्यात चाळीस माणसे आहेत असे धरले, तर माणशी सव्वादोन किलो. भरलेली लाल गाडी हे आपल्या राज्यातले किती मौल्यवान पर्यावरणीय साधन आहे हे यावरून कळावे, आणि तालुक्याच्या फेऱ्या कमी झाल्या की गावकरी जे गाऱ्हाणे मांडतात ते पर्यावरणाचेही गाऱ्हाणे आहे.

विजेवरची गाडी शून्य उत्सर्जनाची नाही. एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाणारी विजेची मोटार आजच्या वीजजाळ्यावर किलोमीटरला सुमारे १०० ग्रॅम उत्सर्जन करते आणि पेट्रोलची १५० ग्रॅम. विजेवरची स्कूटर मात्र युनिटला तीस किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला २४ ग्रॅम, पेट्रोलच्या स्कूटरच्या साधारण निम्मे. म्हणून रोजच्या शहरी धावपळीसाठी मोटारीऐवजी स्कूटर हा बदल पेट्रोलऐवजी बॅटरी या बदलापेक्षा मोठा ठरतो.

विमानाबाबत उपदेश करणे मला कठीण जाते. नातवंडांना वर्षभर पाहिले नाही अशा आजी-आजोबांना जाऊ नका असे कोण सांगेल? एवढेच सुचवावेसे वाटते की दोन छोट्या फेऱ्यांऐवजी एक लांब मुक्काम करावा, आणि ज्या कामाला रेल्वे पुरते किंवा दूरदृश्य बैठक पुरते त्या कामासाठी विमान घेऊ नये.

पाणी आणि ओला कचरा

पाण्याचे मीटर अजून घरोघरी नाहीत, म्हणून बादलीनेच मोजावे लागते. शहरांसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी मान धरले जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे शॉवरखाली उभे असतानाही आठवावे. गळक्या नळाखाली तासभर भांडे ठेवावे आणि जमलेले पाणी चोवीसने गुणावे. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीखाली बादली ठेवून पाहिली तर एक लिटर पिण्याच्या पाण्यासाठी दोन-तीन लिटर वाया जाताना दिसतात. पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर आरओची गरज नसते. धरणाचे पाणी येणाऱ्या घरांत बहुधा साधे गाळणे आणि अतिनील किरणांचे यंत्र पुरते. बोअरवेलचे जड पाणी असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा सांडपाणी फरशी पुसायला वापरावे.

ओला कचरा आठवडाभर ताणकाट्यावर तोलावा. हे किलो साधे दिसतात, पण कचरा डेपोत ढिगाखाली हवा न मिळता कुजताना त्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट प्रभावी आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डेपोला लागलेल्या आगीचा धूर मुंबईने दिवसेंदिवस श्वासात घेतला, आणि पुण्याचा कचरा फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसला. घरी खत करायला भोके पाडलेला एक ड्रम, वाळका पाला आणि मूठभर शेणखत पुरते. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पाल्याचा तितकाच जाड थर द्यावा आणि आठवड्याला एकदा खालीवर करावे. वास आला तर ओल जास्त झाली आहे, पाला किंवा लाकडाचा भुसा वाढवावा. मुंग्या झाल्या तर फार कोरडे पडले आहे, ताक किंवा पाणी शिंपडावे. दीडदोन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत हाती येते. शिळे उरणारे अन्न कमी करणे मात्र खतापेक्षाही वरचे काम आहे, कारण त्या भाताला लागलेले पाणी, खत आणि गॅस सगळे आधीच खर्च झालेले असते.

सोसायटीच्या सभेत

घरातले सगळे करून झाल्यावर पुढचा मोठा वाटा घराबाहेर असतो. सोसायटीचे पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांचे सामाईक बिल सचिवांकडे मागावे आणि वहीत त्याला स्वतंत्र पान द्यावे. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतावरच्या सौर संचाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा अधिक असल्यास एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. एक किलोवॉटचा संच आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतो. सभेत ‘पर्यावरणासाठी’ म्हटले की अर्धी मंडळी घड्याळाकडे पाहतात. म्हणून बारा महिन्यांचे युनिट, संचाची किंमत, अनुदान आणि किती वर्षांत पैसे वसूल होतील हे एका कागदावर लिहून आठवडाभर आधी सूचनाफलकावर लावावे, आणि गच्चीवर टाकीची सावली कुठवर पडते हे दुपारी वर जाऊन पाहून ठेवावे, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

पुढच्या वर्षी वही उघडताना मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करावी, एप्रिलशी नको. घरात बाळ आले, आजारी माणूस आले किंवा कोणी घरून काम करू लागले तर तशी नोंद समासात करावी, कारण वाढलेला प्रत्येक युनिट उधळपट्टी नसतो. आणि विजेच्या वाचलेल्या पैशांतून एखादी जादाची विमानवारी ठरत असेल, तर तिचे किलोही त्याच पानावर लिहावेत.